‘जस्ट’ची हद्द

‘आय जस्ट आस्क्ड हिम.’ चार शब्दांचं हे इंग्रजी वाक्य मराठीत आणायचं म्हटलं, तर आधी विचारावं लागतं की बोलणाऱ्याचा सूर कसा होता. ‘मी आत्ताच त्याला विचारलं’ असं होईल. ‘मी त्याला फक्त विचारलं’, म्हणजे दटावलं नाही, काही मागितलं नाही, असंही होईल. ‘सहज विचारलं हो’ असंही होईल, आणि यातला ‘हो’ गाळला तर निम्मा अर्थ वाया जाईल. तिन्ही भाषांतरं बरोबर आहेत आणि तिन्हींत मराठी शब्द वेगळे आहेत. इंग्रजीत मात्र शब्द तोच आणि वाक्यातली त्याची जागाही तीच.

ही पुस्तिका या एका शब्दाविषयी आहे. एका क्रियाविशेषणासाठी एवढी पानं कशाला, असं कुणी विचारेल. बोलत्या इंग्रजीत ‘जस्ट’ पावलोपावली येतो. सिनेमात, बँकेच्या फोनवर, पर्यटकाच्या तोंडी, मुलाखतीत समोरच्या साहेबाच्या प्रश्नात तो असतो. आमच्या वर्गांत मात्र तो एका ओळीत उरकला जातो: ‘जस्ट म्हणजे नुकताच, तो आला की क्रियापद हॅव किंवा हॅजचं.’ रिकाम्या जागा भरायला हे पुरतं. पण वर्गाबाहेर पडल्यावर मुलाच्या कानावर पहिलाच ‘जस्ट’ पडतो तो ‘आय जस्ट वाँट सम वॉटर’ असा. यात हॅव नाही, हॅज नाही आणि नुकतंच असं काही घडलेलंही नाही. नियम पाठ असलेलं मूल इथे अडतं, आणि नियम पाठ नसलेलं मूल सहज पाण्याची बाटली आणून देतं. हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुस्तिकेचं प्रयोजन वेगळं सांगायला नको.

पुस्तिका लिहिताना समोर आहेत ती दक्षिण कोकणातल्या रेडी, शिरोडा, आरवली, आरोंदा या पट्ट्यातली मुलं. शाळेत प्रमाण मराठी, घरात मालवणी, बाजारात दोन्ही, आणि पहिलीपासून इंग्रजी. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, म्हणजे आजचे तरुण आईबापसुद्धा त्याच वाटेने गेलेले आहेत. इतकी वर्षं शिकूनही इंग्रजी बोलताना जीभ जड होते, याचं एक कारण मला असं दिसतं की आपण नामं आणि क्रियापदं शिकवतो, पण बोलण्याला चाल देणारे लहान शब्द शिकवत नाही. ‘जस्ट’, ‘ईव्हन’, ‘स्टिल’, ‘येट’, ‘ओन्ली’ हे ते शब्द. त्यांच्यावाचून वाक्य व्याकरणात बसतं, पण माणसाने बोलल्यासारखं वाटत नाही.

आता शब्दाकडे येऊ. लॅटिनमध्ये कायदा, हक्क या अर्थाचा एक शब्द होता ‘यूस’. त्यावरून ‘यूस्तुस’, कायद्याला धरून असलेला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत शिरला तो ‘न्यायी’ या अर्थाचं विशेषण म्हणून. न्यायमूर्तींच्या नावाआधी लागणारा ‘जस्टिस’ त्याच घरातला. पुढे विशेषणाचं क्रियाविशेषण झालं आणि अर्थ सरकत गेला. जे न्यायाला धरून आहे ते मापाला धरून आहे, म्हणजे नेमकं आहे. नेमकं म्हणजे त्याहून जास्त नाही. इथून ‘फक्त’ निघाला. नेमकं या घटकेला लागून घडलेलं, तिथून ‘नुकतंच’. नेमकं काठावर टेकलेलं, तिथून ‘जेमतेम’. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक आकडे घालून छापलेले असतात आणि विद्यार्थ्याला वाटतं की हे परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द आहेत. तसं नाही. ते एकाच वाटेवरचे मुक्काम आहेत.

ही वाट मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही, कारण आपला ‘बरोबर’ जवळजवळ तिच्यावरूनच चालत आला आहे. फारसीतला ‘बराबर’ म्हणजे समान, सारखा. मराठीत तो आला आणि ‘तुझं उत्तर बरोबर आहे’ यात योग्य झाला, ‘बरोबर बारा वाजता’ यात नेमका झाला, ‘माझ्याबरोबर चल’ यात सोबती झाला. योग्य ते नेमकं आणि नेमकं ते योग्य, हा मनाचा व्यवहार दोन्ही भाषांनी केला. म्हणून ‘जस्ट’ शिकवताना मी ‘नुकताच’पासून सुरुवात करू नका असं सांगेन. ‘बरोबर’पासून करा. ‘जस्ट लाइक हर मदर’: बरोबर आईसारखी, अगदी आईसारखी. तिथून पुढचे अर्थ एकेक पायरी उतरत येतात.

या सगळ्या अर्थांच्या मुळाशी एकच क्रिया आहे. ‘जस्ट’ एक हद्द आखतो आणि सांगायची गोष्ट त्या हद्दीला अगदी चिकटवून ठेवतो. हे समजवायला रेडीइतकं सोयीचं गाव दुसरं नसेल. रेडी महाराष्ट्रात आहे, पण जेमतेम. वेंगुर्ले तालुक्याचं आणि सिंधुदुर्गच्या किनारपट्टीचं हे दक्षिण टोक. गावातून दक्षिणेला निघालं की खाडी ओलांडायच्या आधीच गोवा लागतो, कारण तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्याच बाजूला असूनही गोव्यात आहे. सावंतांचा तो किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, आणि तेव्हापासूनची ही विचित्र रेघ १९६१ पर्यंत दोन सत्तांमधली सरहद्द होती. आता ती दोन राज्यांमधली आहे. इंग्रजीत रेडी ‘जस्ट इनसाइड महाराष्ट्र’ आणि तेरेखोल ‘जस्ट आउटसाइड’. एकच शब्द रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे. मराठीत मात्र ‘महाराष्ट्राच्या हद्दीत, अगदी टोकाला’ आणि ‘हद्द ओलांडली की लगेच’ असं वेगवेगळं बोलावं लागतं. मुलांना फळ्यावर एक रेघ काढून दिली, अलीकडे रेडी आणि पलीकडे तेरेखोल लिहिलं, आणि मग त्याच रेघेला ‘आत्ताचा क्षण’ किंवा ‘पस्तीस गुण’ असं नाव दिलं, की पुढचं पुष्कळसं काम रेघच करते.

पस्तीस गुणांचं उदाहरण थोडं जवळून बघण्यासारखं आहे. ‘शी जस्ट पास्ड.’ हे वाक्य निकालाच्या दिवशी बोललं गेलं तर त्याचे दोन अर्थ होतात: ती नुकतीच पास झाली, किंवा ती जेमतेम पास झाली. पहिला ऐकून पेढे वाटायचे आणि दुसरा ऐकून सुटकेचा श्वास टाकायचा. कागदावर दोन्ही वाक्यं अक्षर न् अक्षर सारखी. बोलताना फरक पडतो तो आघाताने. ‘पास्ड’वर जोर असेल तर बहुधा बातमी सांगितली जाते आहे, ‘जस्ट’वर जोर देऊन तो किंचित लांबवला तर ‘कशीबशी’ हा अर्थ वर येतो. इंग्रजांनाही ही संदिग्धता खटकते, म्हणून ते ‘ओन्ली जस्ट’ असं दुहेरी बोलतात, किंवा ब्रिटिश ढंगाने ‘हॅज जस्ट’ म्हणून काळ पक्का करतात. अमेरिकेत साध्या भूतकाळावरही भागतं; ‘आय जस्ट एट’ म्हणजे मी आत्ताच जेवलो, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. आमची पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची, मुलांच्या मोबाइलमधलं इंग्रजी पुष्कळसं अमेरिकन. मुलाने ‘आय जस्ट एट’ लिहिलं तर ते तांबड्या शाईने खोडण्याआधी शिक्षकाने एवढं लक्षात घ्यावं.

याच रेघेची दुसरी जोडी बसथांब्यावरची. ‘आय जस्ट कॉट द बस’ आणि ‘आय जस्ट मिस्ड द बस’. पहिल्यात बस ‘जेमतेम मिळाली’, दुसऱ्यात ती ‘थोडक्यात चुकली’. मराठीत ‘जेमतेम चुकली’ असं कुणी म्हणणार नाही आणि ‘थोडक्यात मिळाली’ असंही नाही. आपले शब्द रेघेची बाजू ओळखतात: यश काठावरचं असेल तर जेमतेम, अपयश काठावरचं असेल तर थोडक्यात. आणि धोका असेल तर पुन्हा थोडक्यात, ‘थोडक्यात वाचला’. इथे चुकलेली गोष्ट मरण असतं. इंग्रजीला ही बाजू दिसत नाही, तिला फक्त अंतर दिसतं. कुठली भाषा श्रीमंत हा वाद मला इथे घालायचा नाही. पण मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्याला इथे दोनऐवजी एकच शब्द वापरायची मोकळीक मिळते, आणि उलट दिशेने येणाऱ्या भाषांतरकाराला प्रत्येक वेळी थांबून बाजू ठरवावी लागते. वर्तमानपत्रांतली घाईची भाषांतरं इथेच घसरतात.

काळाच्या बाबतीत मराठीची वाटणी आणखी बारीक आहे. ‘नुकताच’ दिवस आणि महिन्यांनाही चालतो. नुकतंच लग्न झालं म्हणताना दोन महिने झाले असतील तरी बिघडत नाही. ‘आत्ताच’ मिनिटांचा. ‘इतक्यात’ तर दोन्हीकडे तोंड असलेला: ‘इतक्यात येईल’ यात तो पुढे बघतो, ‘इतक्यात कुठे आला होता’ यात मागे बघतो, ‘इतक्यात पाऊस आला’ यात गोष्टीतल्या त्या क्षणावर बोट ठेवतो, आणि ‘इतक्यात नको’ यात दार लोटून घेतो. या चारही ठिकाणी इंग्रजीला ‘जस्ट’ची काही ना काही मदत घ्यावीशी वाटते, पण दरवेळी सोबत दुसरा शब्द जोडून: ‘जस्ट देन’, ‘नॉट जस्ट येट’, ‘जस्ट अबाउट टू’. मुलांना ‘नॉट जस्ट येट’ तीन शब्द फोडून शिकवला तर तो कधीच समजत नाही. ‘इतक्यात नको’ म्हणून अख्खा दिला तर लगेच समजतो.

‘फक्त’ हा अर्थ सोपा समजला जातो, पण त्यातही एक खाच आहे. रेडीच्या गणपतीचं उदाहरण घेतो. १९७६ साली इथल्या खाणीच्या परिसरात ही मोठी मूर्ती सापडली. बसलेली, आणि द्विभुज. गणपती म्हटला की चार हात डोळ्यांसमोर येतात, म्हणून भाविक आश्चर्य करतात. बाहेरच्या पाहुण्याला गावातला मुलगा इंग्रजीत सांगू लागला, ‘ही हॅज जस्ट टू हँड्स’, तर व्याकरण बिनचूक आहे. पण ‘जस्ट’ने वाक्यात एक अपेक्षा घुसवली: असायला हवे होते जास्त, आहेत कमी. ऐकणाऱ्याला चार हातांची कल्पना असेल तर वाक्य बसतं. नसेल तर त्याला उगाच काहीतरी उणीव सांगितल्यासारखं वाटतं, कारण बहुतेकांना हात दोनच असतात. मराठीत ‘दोनच हात’मधला ‘च’ नेमकं हेच करतो. ‘दोन हात’ ही माहिती, ‘दोनच हात’ ही अपेक्षेशी केलेली तुलना. अपेक्षा ऐकणाऱ्याच्या मनात नसेल तर ती आधी सांगावी लागते, आणि मगच ‘जस्ट’ किंवा ‘च’ वापरावा. व्याकरणाच्या पुस्तकांत हे सहसा नसतं, कारण ती वाक्य पाहतात, ऐकणाऱ्याला पाहत नाहीत.

या ‘च’बद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीवर त्याची सावली सगळ्यांत गडद आहे. ‘मीच रेडीला गेलो’, ‘मी रेडीलाच गेलो’, ‘मी रेडीला गेलोच’. एक अक्षर जिथे चिकटेल तिथे झोत पडतो. इंग्रजीत असं चिकटणारं काही नाही, म्हणून आपण ‘ओन्ली’ घेतला आणि तो शब्दाच्या मागे लावला. ‘आय ॲम इन रेडी ओन्ली’, ‘ही केम टुडे ओन्ली’. या इंग्रजीची टिंगल फार होते, आणि ती मला मान्य नाही. बोलणाऱ्याच्या मनात एक स्पष्ट, बारीक अर्थ आहे, तो त्याला सोडवत नाही, म्हणून तो हाताशी असलेल्या शब्दाला कामाला लावतो. भाषा अशाच वाढतात. पण परदेशी माणसाला त्यातून भलतंच ऐकू येतं हेही खरं: ‘फक्त आज आला, इतर दिवशी नाही.’ तेव्हा मुलाला चूक दाखवताना पर्याय द्यावा. ‘आजच आला’ला ‘ही केम जस्ट टुडे’ चालेल, पण ‘रेडीतच आहे’ला ‘जस्ट’ही नको आणि ‘ओन्ली’ही नको, तिथे ‘स्टिल’ किंवा ‘राइट हिअर’. आणि ‘गेलोच’ला तर ‘डिड गो’. एका ‘च’ला इंग्रजीत निदान चार वेगवेगळी उत्तरं आहेत, जसं एका ‘जस्ट’ला मराठीत आठ-दहा.

कोकणात शिरताना ठिकठिकाणी जी पाटी दिसते तिच्यातला ‘च’ मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो: ‘येवा, कोकण आपलाच आसा.’ हा ‘आपलाच’ इंग्रजीत कसा न्यायचा? ‘ओन्ली युअर्स’ म्हटलं तर बाकी सगळ्यांना हाकलून दिलं. ‘जस्ट युअर्स’ म्हटलं तर तेच, शिवाय हलकं. इथला ‘च’ कुणाला वगळत नाही, काही कमी करत नाही, हद्दही आखत नाही. तो संकोच काढून टाकतो. पाहुण्याच्या मनात ‘हे माझं कसं?’ अशी जी शंका असेल, तिला तो उत्तर देतो. इंग्रजीत त्याला जवळचं काही असेल तर ‘युअर ओन’, आणि तेही अर्धवट. ‘जस्ट’चं क्षेत्र कुठे संपतं हे दाखवायला मी हीच पाटी वापरतो.

नकाराशी गाठ पडली की ‘जस्ट’ची जागा फार महत्त्वाची होते. ‘आय ॲम नॉट जस्ट अ टीचर’ म्हणजे मी नुसता शिक्षक नाही, आणखीही काही आहे. ‘आय ॲम जस्ट नॉट अ टीचर’ म्हणजे मी शिक्षक नव्हेच. तो माझा पिंडच नाही. दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि अभिमानाचं वाक्य हताशेचं झालं. मराठीत पहिल्याला ‘नुसता’ आणि दुसऱ्याला ‘च’, म्हणून मराठीत असा घोटाळा होऊच शकत नाही.

‘नुसता’ हा ‘जस्ट’चा मराठीतला सख्खा भाऊ मानायला हवा, कारण इंग्रजी शब्दाची सर्वांत चमत्कारिक सवय त्याला आहे. ‘नुसता भात’ म्हणजे सोबत काही नाही, कमीपणाचा. पण ‘नुसता पाऊस!’ म्हणजे पाऊसच पाऊस, अतिरेकाचा. एकच शब्द उणेही करतो आणि दुप्पटही. इंग्रजीत ‘जस्ट राइस’ आणि ‘जस्ट वंडरफुल’ हीच जोडी आहे. दोन्हीकडे सांगायचं एकच: यात दुसरं काही मिसळलेलं नाही. भाताच्या बाबतीत ते दारिद्र्य ठरतं आणि आनंदाच्या बाबतीत परिपूर्णता. (तेरेखोलपलीकडे, कोंकणीत, ‘नुस्तें’ म्हणजे मासे, त्यामुळे खाडीकाठच्या मुलाला ‘नुसता भात’ समजावताना जपून.)

आता ज्या अर्थासाठी ही पुस्तिका या भागातून निघते आहे त्याकडे येतो. ‘कुड यू जस्ट मूव्ह अ बिट?’ ‘जस्ट कम हिअर.’ ‘आय जस्ट वाँटेड टू आस्क.’ इथे ‘जस्ट’ ना काळ सांगतो, ना माप. तो विनंतीची धार बोथट करतो. परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांना हाच अर्थ सर्वांत उशिरा येतो, आणि कित्येकांना येतच नाही. त्यांचं इंग्रजी शुद्ध असतं, पण ऐकणाऱ्याला हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘मूव्ह.’ ‘कम हिअर.’ ‘आय वाँट टू आस्क.’

मालवणी घरातल्या मुलाकडे हा अर्थ जन्मापासून आहे. त्याचं नाव ‘वायच’. ‘वायच थांब.’ ‘वायच पाणी दी.’ ‘तात्यानू, वायच सरा.’ वायच म्हणजे थोडं, हे शब्दकोशातलं उत्तर झालं. पण ‘वायच हयसर ये’ यात येणाऱ्याने थोडंसं यायचं नसतं. पूर्णच यायचं असतं. थोडा आहे तो त्रास. ‘मी तुला देतोय ती तोशीस लहान आहे’ एवढं सगळं त्या तीन अक्षरांत आलं. प्रमाण मराठीत हे काम ‘जरा’ करतो, आणि तोही मुळात कण या अर्थाच्या अरबी शब्दावरून फारसीमार्गे आलेला. म्हणजे तिथेही माप लहान करूनच विनंती सौम्य केली आहे. देशावरच्या गावांतही ‘वाईच’ ऐकू येतो. पण दक्षिण कोकणात तो जितका सर्रास आहे तितका क्वचितच कुठे असेल. घरात येणाऱ्याला ‘बसा’ म्हणण्याऐवजी ‘वायच बसा’ म्हणतात, आणि ते वायच बसणं तासाभराचंही होतं.

तात्यांना सरायला सांगतानाचं वाक्य मी पुस्तिकेत मुद्दाम घेतलं आहे. ते इंग्रजीत नेताना मुलं सुरुवातीला ‘प्लीज’ घालतात, कारण शाळेत सभ्यतेसाठी एवढा एकच शब्द दिलेला असतो. ‘प्लीज मूव्ह’ सभ्य आहे, पण दुरून बोलल्यासारखं, फलकावरच्या सूचनेसारखं. ‘कुड यू जस्ट मूव्ह अ बिट, तात्या?’ यात ‘वायच’ पुरा उतरतो: ‘जस्ट’मध्ये त्रासाचं लहानपण, ‘अ बिट’मध्ये जागेचं, आणि ‘सरा’मधला आदर ‘कुड’मध्ये. एकदा मुलाने हे जुळवलं की त्याच साच्यात तो शंभर वाक्यं बोलतो. ‘वायच’ काळाचं काम करत नाही. ‘तो आताच इलो’ला वायच लागत नाही, तिथे ‘आताच’. म्हणून मालवणी मूल ‘जस्ट’चे हे दोन अर्थ कधी एकमेकांत मिसळत नाही. त्याच्या घरच्या भाषेने ते आधीच वेगळे करून ठेवलेले असतात.

ऑफिसच्या पत्रव्यवहारातून ‘जस्ट’ काढून टाका, त्याने तुम्ही दुबळे दिसता, असा सल्ला, विशेषतः बायकांना, गेली काही वर्षं इंग्रजीत दिला जातो. मला तो पटत नाही. समोरच्याचा वेळ मोलाचा आहे हे कबूल करणं म्हणजे दुबळेपणा नव्हे. एकाच निरोपात चारदा ‘जस्ट’ आला तर तो निरर्थक होतो हे खरं, पण तसं कुठल्याही शब्दाचं होतं. आमच्या मुलांच्या इंग्रजीत हा शब्द जास्त झालेला नाही. तो मुळात नाहीच, हीच तर अडचण आहे.

आणि तरीही मजा अशी की मराठीत तो भरपूर आला आहे. ‘जस्ट निघालोय’, ‘जस्ट विचारत होते’, ‘जस्ट बघून ये’. मुंबई-पुण्याच्या बोलण्यातून तो चाकरमान्यांबरोबर गणपतीला गावात येतो आणि पोरं तो उचलतात. ‘जस्ट आत्ताच’ असं दुहेरीही ऐकू येतं. याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत मी नाही, पण एक बघण्यासारखं आहे. मराठीत आलेला ‘जस्ट’ बहुतेक ‘आत्ताच’ आणि ‘सहज’ या दोनच अर्थांचा आहे. ‘जेमतेम’ या अर्थाने मराठी वाक्यात तो जवळपास येतच नाही. ‘जस्ट पास झाला’ म्हटलं तर ऐकणारा नुकताच पास झाला असंच समजेल. उसना घेताना मराठीने आपल्याला हवे तेवढे अर्थ घेतले आणि बाकीचे सोडले. म्हणून मुलगा मराठीत ‘जस्ट’ सहज बोलतो याचा अर्थ त्याला इंग्रजी ‘जस्ट’ कळला असा शिक्षकाने धरू नये.

रेडीशेजारच्या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० साली इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या या लेखकाची उमेदीची वर्षं अशी या पट्ट्यातल्या मुलांना शिकवण्यात गेली. म्हणजे समुद्राकाठच्या या गावांना इंग्रजी काल-परवाचं नाही. शंभर वर्षं होऊन गेली. आणि १९८० साली गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणी मुंबईच्या रंगभूमीवर नेली तेव्हापासून ही बोली सार्वजनिक ठिकाणी बोलायला कुणी लाजत नाही. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी असून वर्गात मात्र त्यांची भेट होत नाही. इंग्रजीच्या तासाला मालवणी बंद, हा अलिखित नियम अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश सिद्ध केला आणि तेव्हापासून इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द मांडायची आपली सवय पक्की झाली. ती मांडणी प्रमाण मराठीची. ‘जस्ट’समोर ‘वायच’ लिहिलेला कोश माझ्या पाहण्यात नाही. या पुस्तिकेत तो लिहिला आहे.

वाचणाऱ्या शिक्षकांना दोन सूचना. उदाहरणं मनात न वाचता मोठ्याने वाचून घ्यावीत, कारण ‘जस्ट’चा अर्धा अर्थ आघातात आहे, जिथे आघात द्यायचा तो शब्द ठळक छापला आहे. आणि इंग्रजी वाक्य दिल्यावर मुलाला आधी ते घरी कसं बोलशील असं विचारावं. तो ‘वायच’ म्हणाला, ‘आताच’ म्हणाला, ‘नुसतो’ म्हणाला किंवा शब्दाला ‘च’ लावला, तर त्याला अर्थ कळला आहे. इंग्रजी नाव देणं एवढंच उरतं.

‘जस्ट नाउ’ला शेवटी वेगळं पान दिलं आहे. या किनाऱ्यावरची माणसं बोटींवर नोकऱ्या करतात आणि बंदरोबंदरी निरनिराळं इंग्रजी ऐकतात. इंग्लंडचा माणूस ‘जस्ट नाउ’ म्हणाला तर आत्ताच किंवा या घडीला. आपल्याकडे ‘आय विल कम जस्ट नाउ’ म्हणजे लगेच येतो. पण दक्षिण आफ्रिकेत तोच शब्दप्रयोग ‘थोड्या वेळाने, बघू’ या अर्थाने चालतो, आणि तो थोडा वेळ किती हे कुणी सांगत नाही. तेव्हा डरबनच्या धक्क्यावर कुणी ‘जस्ट नाउ’ म्हणून गेला, तर उभं राहून वाट बघू नये, चहा घेऊन यावा.